परभणीकडील वीज : जवळची आणि लांबची

परभणी जिल्ह्याचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे देवगिरीचे यादव येतात, निजामाचें राज्य येतें, गोदाकांठचीं क्षेत्रें येतात आणि ज्वारी-कापसाची काळी जमीन येते. विजेला इतिहास असतो, आणि तोही एका जिल्ह्याचा असूं शकतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घरांतील कळ दाबली कीं दिवा लागतो. न लागला तर आपण चार शब्द बोलून मोकळे होतों. परंतु वीज कोठें उत्पन्न व्हावी, गिऱ्हाइकाच्या जवळ कीं शेंकडों मैल लांब, हा एक जुना वाद आहे. त्या वादाची प्रत्येक पायरी परभणीच्या भूमीवर किंवा तिच्या शिवेवर पाहावयास सांपडते. आज तो वाद पुन्हां उपस्थित झालेला आहे, आणि त्याच्या निर्णयावर शेवटच्या खांबाजवळच्या शेतकऱ्याचें ओलित अवलंबून आहे.

प्रारंभीं वीज ही अगदीं जवळची वस्तु होती. 1882 सालीं एडिसननें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीट येथें जें वीजघर उभारलें, त्याची सत्ता आसपासच्या कांहीं आळ्यांपलीकडे चालत नसे. एकदिश प्रवाहाला अल्प दाबानें फार दूर नेणें परवडत नसे. तारेंतच तो संपून जाई. 1891 मध्यें जर्मनींत लाउफेनच्या धबधब्यावरील वीज सुमारें 175 किलोमीटरवरील फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत नेऊन दाखविण्यांत आली, आणि लांबच्या विजेचा पक्ष जिंकला. ही वीज आलटत्या प्रवाहाची, तीन तारांची होती. आपल्याकडे हाच प्रयोग टाटांनीं केला. खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रांतून 1915 सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली. पुढें 1922 सालीं भिवपुरी व 1927 सालीं भिरा हीं केंद्रें सुरू झालीं. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस परळच्या मागावर कापड विणूं लागला, ही त्या काळीं नवलाचीच गोष्ट होती.

परभणी तेव्हां हैदराबाद संस्थानांत होती. मुंबईच्या तारा तिच्याकडे येण्याचें कांहीं कारण नव्हतें. सप्टेंबर 1948 मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें, 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि 1960 सालीं महाराष्ट्र राज्य होऊन त्याच वर्षीं जूनमध्यें महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. राज्याराज्यांतून अशीं मंडळें असावींत ही तरतूद 1948 च्या वीजपुरवठा कायद्यानें केलेली होती. त्या कायद्यामागील विचार स्पष्ट होता : गांवोगांवचीं लहान वीजघरें महाग पडतात, मोठीं केंद्रें बांधावीं, एकच जाळें विणावें आणि खेड्यांनाही त्यांत ओवून घ्यावें. हा विचार त्या काळापुरता योग्यच होता, असें माझें मत आहे. जवळच्या विजेचे आजचे कित्येक कैवारी मंडळांचा इतिहास हा जणूं चुकांचाच इतिहास म्हणून सांगतात. तो अन्याय आहे. मोठें जाळें नसतें तर जिंतूर-सेलूच्या खेड्यांत तार पोंचली नसती.

परंतु योगायोग पाहा. मराठवाड्याच्या या भागांत मंडळाच्या काळांत आलेलें एक महत्त्वाचें वीजकेंद्र लांबचें नव्हतें, अगदीं अंगणांतलें होतें. जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरी येथें जें धरण झालें, त्याच्या पायथ्याशीं 1968 सालीं साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉटचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. धरणाची सांठवण सुमारें 934 दशलक्ष घनमीटर. येथून सोडलेलें पाणी खालीं सिद्धेश्वर धरणांत अडविलें जातें आणि तेथून कालव्यांत शिरतें. सिद्धेश्वर आतां हिंगोली जिल्ह्यांत आहे. 1999 सालीं परभणीचाच तुकडा निघून तो जिल्हा झाला. या रचनेंतली खुबी अशी कीं, वीज ही येथें ओलिताची पाठराखीण आहे. शेताला पाणी हवें तेव्हां धरणाचें पाणी सुटणार, पाणी सुटलें म्हणजे चक्रें फिरणार. शेताला पाणी लागण्याचे दिवस तेच पंपांना वीज लागण्याचेही दिवस. साडेबावीस मेगावॉट ही संख्या आज कोणाला क्षुल्लक वाटेल. पण दूरवरून आलेल्या लांबलचक तारेच्या टोंकाशीं असें एखादें केंद्र असलें म्हणजे त्या टोंकाला जो आधार मिळतो तो मेगावॉटांच्या हिशेबांत दिसत नाहीं. तो आधार कसला, हेंच आजच्या भाषणाचें मुख्य प्रयोजन आहे.

येलदरीनंतर लवकरच लांबच्या विजेनें पुन्हां आघाडी मारली. शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळी वैजनाथ येथें 1970 नंतर औष्णिक केंद्र उभें राहिलें. आरंभीं तीस-तीस मेगावॉटचे दोन संच होते, 1980 नंतरच्या दशकांत दोनशें दहांचे तीन झाले आणि 2007 पासून अडीचशेंचे आणखी तीन आले. तीसचे ते पहिले संच केव्हांच निवृत्त झाले. कोळसा रेल्वेनें दुरून यावयाचा, पाणी मात्र गोदावरीचें. परभणी जिल्ह्यांतल्या सोनपेठ तालुक्यांतील खडका बंधाऱ्यांतून तें परळीस जातें. 2013 च्या फेब्रुवारींत दुष्काळानें हा बंधारा कोरडा पडला आणि सारें केंद्र बंद ठेवावें लागलें. मेगावॉट दुसरीकडून आणतां येतात, आणि तसे आणलेही जातात. पण मोठें केंद्र स्तब्ध झालें म्हणजे त्याच्या परिसरांतून आणखी एक वस्तु नाहींशी होते, आणि ती दुरून आणतां येत नाहीं.

ही वस्तु समजण्यासाठीं आपण मोटेकडे जाऊं. ज्यांनीं मोट चालतांना पाहिली आहे त्यांना आठवेल : बैल धांवेवरून उतारानें खालीं जात, मोट भरून वर येई, पाणी थारोळ्यांत पडे; आणि मग बैल पाठमोरे सरत सरत पुन्हां वर येत, तेव्हां रिकामी मोट विहिरींत उतरे. या परतीच्या धांवेंत पाण्याचा एक थेंबही वर येत नाहीं. पण ती धांव चुकवतां येत नाहीं, तिला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती वाट अडून राहते. मोटेची जागा घेणाऱ्या विजेच्या पंपांतही अशीच एक परतीची धांव आहे. मोटारीच्या लोखंडांत चुंबकत्व निर्माण झाल्याशिवाय ती फिरत नाहीं. तें चुंबकत्व आलटत्या प्रवाहाबरोबर क्षणांत उभें राहतें व क्षणांत मावळतें. उभें राहतांना तारेंतून शक्ति घेतें, मावळतांना ती परत करतें. आपल्या विजेचे सेकंदास पन्नास फेरे असतात, म्हणून प्रत्येक तारेंत ही देवाणघेवाण सेकंदास शंभर वेळां चालते. महिन्याच्या हिशेबीं घेतलेलें व दिलेलें सारखेंच. पाणी वर चढविण्याच्या कामांत त्यांतला एक कणही खर्च होत नाहीं. अभियंते हिला रिॲक्टिव्ह शक्ति म्हणतात. आपण तिला झुलती शक्ति म्हणूं आणि पाणी उपसणारीला कामाची शक्ति म्हणूं.

आलटत्या प्रवाहाच्या या दुहेरी स्वरूपाचें गणित मांडण्याची सोपी रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ यानें 1893 सालीं शिकागोच्या विद्युत्परिषदेंत दाखविली, आणि आजतागायत सारे अभियंते त्याच रीतीनें हिशेब करतात. हिशेब असा : झुलत्या शक्तीनें काम होत नसलें तरी तिचा प्रवाह तारेंतून खरोखरच वाहतो आणि तार तापवितो. पॉवर फॅक्टर 1 असतां, म्हणजे झुलती शक्ति शून्य असतां, ज्या कामाला 100 अँपिअर लागतील त्याच कामाला 0.7 पॉवर फॅक्टरावर सुमारें 143 अँपिअर लागतात. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें नुकसान दुपटीहून किंचित् अधिक होतें. शिवाय दाब उतरतो, आणि दाब उतरण्यांत झुलत्या शक्तीचा वांटा मोठा असतो. ती लांबच्या तारेंतून आणूं गेलें तर वाटेंतच बरीचशी जिरते आणि पोंचते तेथेंही दाब खाऊनच पोंचते. म्हणून कामाची शक्ति चंद्रपूरहून आणली तरी चालेल. झुलती शक्ति मात्र शक्य तों गांवांतच मिळाली पाहिजे. येलदरीसारख्या जवळच्या केंद्राचा आधार तो हा : फिरतें जनित्र दोन्ही शक्ति देऊं शकतें.

दाब उतरला म्हणजे काय होतें हें पुस्तकांत वाचण्याची गरज नाहीं. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. दाब वीस टक्के पडला तर जोर शंभराचा चौसष्टावर येतो. पण विहिरीची खोली कांहीं त्याबरोबर कमी होत नाहीं. मोटार हुंकारते, अधिक प्रवाह ओढते, तापते आणि शेवटीं आंतलें वेटोळें जळतें. मग ती तालुक्याला नेऊन भरून घ्यावयाची. तोंपर्यंत हरभऱ्याचें पाणी चुकलें. साऱ्यांच्या मोटारींनीं अधिक प्रवाह ओढला कीं डीपी जळते, आणि मग सारा शिवारच अंधारांत.

उपाय जुना आहे व स्वस्त आहे. कॅपॅसिटर नांवाचें एक लहानसें डबडें मोटारीशेजारीं लावलें कीं मोटारीची झुलती शक्ति त्या डबड्याशींच ये-जा करते. परतीची धांव विहिरीच्या कांठावरच संपते, सबस्टेशनपर्यंत जात नाहीं. मग हें डबडें प्रत्येक पंपावर कां दिसत नाहीं? येथें दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलण्याची आपणां शहरवासीयांस संवय आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. एका डीपीवर पंधरावीस पंप असतात. एकानें स्वतःच्या खर्चानें कॅपॅसिटर लावला तर सुधारलेल्या दाबाचा लाभ वीसांत वांटला जातो आणि त्याच्या वांट्याला जो लाभ येतो तो खर्चाच्या मानानें नगण्य असतो. साऱ्यांनीं लावला तर साऱ्यांचेंच कल्याण. पण पहिलें पाऊल कोणीं टाकावें? त्यांतून कृषिपंपांना मीटराऐवजीं अश्वशक्तीवर ठोक आकारणीची जी पद्धति महाराष्ट्रांत रूढ झाली, तिनें विजेच्या काटकसरीचा हिशेबच पुसून टाकला. एप्रिल 2024 पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज राज्यानें मोफत केली आहे. शेतकऱ्याच्या हलाखीकडे पाहतां मी त्या सवलतीला दोष देणार नाहीं. पण बिल माफ झाल्यानें दाब वाढत नाहीं, एवढें लक्षांत ठेवावें. कारखान्यांची गोष्ट याच्या उलट आहे. 2020 च्या एप्रिलपासून उच्चदाबाच्या ग्राहकांची आकारणी झुलत्या शक्तीचाही अंतर्भाव करणाऱ्या एककानें होऊं लागली; त्यामुळें तेथें कॅपॅसिटराची देखभाल आपोआप होते. जेथें भुर्दंड आहे तेथें दक्षता आहे. शेतावर भुर्दंड आहे, परंतु तो बिलांत न येतां जळालेल्या वेटोळ्याच्या रूपानें येतो, आणि तोही ज्याची चूक त्यालाच येईल असें नाहीं. वाहिनीच्या टोंकाशीं जो असेल त्याला येतो. त्यांत पुन्हां आकडे टाकणारे आहेत, आणि वीज येतांच पंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच आहेत. वीज आली कीं साऱ्या मोटारी एकाच क्षणीं उठूं पाहतात आणि एकही नीट उठत नाहीं.

2005 नंतरच्या भारनियमनाच्या काळांत गांवठाणाची वाहिनी व शेताची वाहिनी वेगळी करण्याचें काम झालें. गांवांतल्या दिव्यांना त्याचा फायदा झाला. शेतीच्या वाट्याला मात्र पाळी आली, कांहीं दिवस दिवसां आणि कांहीं दिवस रात्रीं. पौषांतल्या मध्यरात्रीं कुडकुडत, विंचूकाट्याची भीति बाळगून दारें धरावयास जाणें म्हणजे काय, याची कल्पना पंख्याखालीं बसून येणार नाहीं. दिवसां वीज द्या, ही मागणी त्यांतूनच आली. पुण्याच्या प्रयास या संस्थेच्या ऊर्जागटानें शेतीच्या वाहिन्यांना सबस्टेशनजवळच सूर्यशक्तीचें केंद्र जोडावें ही कल्पना आग्रहानें मांडली होती. 2017 सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली व 2023 सालीं तिची दुसरी, फार मोठी आवृत्ति आली. 2024 च्या ऑक्टोबरांत वाशिमच्या सभेंत पंतप्रधानांनीं ज्या पहिल्या पांच केंद्रांचें लोकार्पण केलें त्यांत मराठवाड्यांतलीं दोन होतीं : वैजापूर तालुक्यांतलें धोंदलगांवचें तीन मेगावॉटचें आणि नांदेड जिल्ह्यांतलें बामणीचें पांच मेगावॉटचें. परभणीच्या ऊन्हाची कीर्ति सर्वश्रुत आहे. आजवर त्या कीर्तीचा कोणाला उपयोग नव्हता, आतां होत आहे.

जवळची वीज अशी परत आली. मी तिचें स्वागतच करतों. परंतु योजनेची मोजणी मेगावॉटांत आणि हेक्टरांत होते, आणि येथेंच मला शंका आहे. एक उदाहरण घेऊं; आंकडे केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत. एका सबस्टेशनचा भार 5 मेगावॉट कामाचा आणि 3 मेगाव्हार झुलता आहे. दोन्ही लांबून येतात. पॉवर फॅक्टर सुमारें 0.86. आतां तेथें सूर्यकेंद्र बसविलें, आणि तें भर दुपारीं 4 मेगावॉट निव्वळ कामाची शक्ति देतें. लांबून आतां 1 मेगावॉट कामाची आणि पूर्वीचीच 3 मेगाव्हार झुलती शक्ति येईल. पॉवर फॅक्टर 0.86 वरून 0.32 वर उतरला! तारेंतला एकूण प्रवाह घटला हें खरें, पण उरलेला बहुतेक प्रवाह परतीच्या धांवेचाच. आतां याच केंद्राचें इन्व्हर्टर 4 च्या ऐवजीं 5 मेगाव्होल्ट-अँपिअर क्षमतेचें घेतलें असतें तर? तीन, चार, पांच. शाळेंतला काटकोन त्रिकोण आठवावा. तेंच यंत्र 4 मेगावॉट कामाची आणि 3 मेगाव्हार झुलती शक्ति एकदम देतें, आणि लांबच्या तारेवर उरतो तो केवळ 1 मेगावॉट. हें कांहीं भविष्यांतलें स्वप्न नव्हे. आजचीं इन्व्हर्टरें हें काम करूं शकतात. तसें मागावें मात्र लागतें, आणि मागण्यासाठीं आधीं हिशेब करावा लागतो.

दुसरी शंका जागेविषयींची. 1956 सालीं अमेरिकेंत नीगल व सॅम्सन या अभियंत्यांनीं कॅपॅसिटर वाहिनीवर कोठें बसवावा याचा विचार केला. भार वाहिनीभर सारखा पसरलेला असेल, तर झुलत्या भाराच्या दोनतृतीयांश क्षमतेचा कॅपॅसिटर सबस्टेशनपासून दोनतृतीयांश अंतरावर बसविला असतां नुकसान सर्वांत कमी होतें, असें उत्तर निघालें. पुढें जवळच्या वीजकेंद्रांनाही हाच आडाखा लावण्यांत आला. खऱ्या वाहिन्या इतक्या सरळ नसतात, त्यांना फांटे असतात, भार दिवसागणिक बदलतो. म्हणून गेल्या चाळीस वर्षांत गणनयंत्रांच्या साहाय्यानें याचें एक स्वतंत्र शास्त्रच झालें आहे. केंद्र किती मोठें, कोठें, आणि त्याबरोबर झुलती शक्ति किती, हे तिन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. एकेक सोडविल्यास उत्तर चुकतें. आपल्या योजनेंत सूर्यकेंद्र सबस्टेशनालाच जोडलें जातें, आणि सबस्टेशनाच्या आसपास जेथें जमीन मिळेल तेथें तें उभें राहतें. हेक्टरीं वर्षाला सव्वा लाख रुपये भाडें, अगर सरकारी गायरान. जमिनीची अडचण खरी आहे, आणि गायरानावर गुरें चारणाऱ्यांची तक्रारही खरी आहे. पण सबस्टेशनाशीं दिलेल्या विजेनें सबस्टेशनाच्या वरचें नुकसान वांचतें; त्याच्या खालच्या वाहिनीच्या शेवटच्या खांबाला पूर्वीइतकाच कमी दाब मिळतो. तेथील मोटार पूर्वी रात्रीं जळत होती, ती आतां दिवसां जळेल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पावसाळ्यांत पंप बंद असतात, आणि एखाद्या उघाडीच्या दिवशीं सूर्य तर तळपत असतो. अशा वेळीं दाब उतरण्याऐवजीं चढतो. 28 एप्रिल 2025 रोजीं स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश भर दुपारीं एकदम अंधारांत गेले, तें विजेच्या टंचाईनें नव्हे. दाब भलताच चढत गेला आणि केंद्रें एकामागून एक सुटत गेलीं; अनेक सूर्यकेंद्रें ठराविक पॉवर फॅक्टरावर चालत असल्यानें दाब आवरण्यास त्यांचा हातभार लागला नाहीं. परभणीची तुलना स्पेनशीं करणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. पण भौतिकशास्त्राला तालुका आणि देश यांतला भेद कळत नाहीं.

कित्येक शेतकरी या साऱ्या भानगडींतून अंग काढून घेत आहेत. 2024 पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषि पंप' योजनेंत पंपाला स्वतःचेंच सौरपटल मिळतें, तारेशीं संबंधच उरत नाहीं. ही जवळच्या विजेची परमावधि झाली. ढगाळ दिवशीं आणि खोल विहिरीवर तिच्या मर्यादा दिसतात. पण शेवटच्या खांबाच्या पलीकडच्या माणसाला तीच बरी वाटावी, यांत आश्चर्य नाहीं.

जे तारेवर राहतील त्यांच्यासाठीं करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यांतलें फारसें महाग नाहीं. पंपावर कॅपॅसिटर बसविण्याचा उपदेश शेतकऱ्याला करण्यापेक्षां वीजकंपनीनें डीपीवर व वाहिनीच्या दोनतृतीयांश टप्प्यावर तो स्वतः बसवावा. लाभ सामाईक आहे, तेव्हां खर्चही सामाईक असूं द्यावा. सूर्यकेंद्राच्या करारांत मात्र एक गोम आहे. तेथें मोबदला ठरतो तो युनिटाला, आणि युनिट म्हणजे केवळ कामाची शक्ति. झुलती शक्ति देणाऱ्यास त्यांतून एक पैसाही सुटत नाहीं, उलट दुपारच्या वेळीं ती द्यावयाची तर यंत्र मोठें घ्यावें लागतें. रात्रीं तर पटलें काळीं पडलेलीं असतात. पण इन्व्हर्टर त्या वेळींही जाळ्याला जोडून झुलती शक्ति देऊं शकतें, तशी त्याची रचना करून घेतली असेल तर. आठ-दहा तासांची पाळी संपवून तें यंत्र निवांत पडून असतें, आणि त्याच वेळीं तीच वाहिनी, रब्बीच्या रात्रपाळीवर असली तर, दाबासाठीं येलदरीकडे किंवा परळीकडे पाहत असते.